बेबीताईनं मागितलेली मुदत

जठारपेठेच्या एका वळणावर, औषधांच्या दुकानाच्या ओट्याला लागून बेबीताईचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार फुटांची लाकडी चौकी, वर हिरव्या जाळीचं छप्पर आणि पायाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या टोपल्या. सकाळी सहाला ती तिथं येऊन बसते आणि ती दिसायच्या आधी तिचा आवाज ऐकू येतो. "मोगरा आत्ताच तोडेल हाय बाप्पा, हात लावून पाय ना!" पुण्याकडून बदली होऊन अकोल्याला आलेल्या एखाद्या बँकवाल्याला पहिल्या दिवशी वाटतं, ही बाई आपल्याशी भांडते आहे. आठवडाभरात तो तिचंच गिऱ्हाईक होतो.

बेबीताई चव्वेचाळीस वर्षांची. ठेंगणी, खांद्यानं रुंद, बोटांची टोकं देठांच्या चिकानं कायमची काळपट झालेली. पातूरच्या रस्त्याला, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर त्यांचं दोन एकर काळं रान आहे, विहीर आहे. तिचा नवरा शेषराव तिथं मोगरा, निशिगंध, गलांडा लावतो आणि दिवाळीच्या आगेमागे झेंडू, शेवंती. पिकवायचं त्यानं आणि विकायचं हिनं, ही वाटणी लग्नानंतर दोन वर्षांत ठरली ती आजतागायत चालू आहे. शेषराव फार बोलत नाही. बाजारात उभा राहिला तर गिऱ्हाईक म्हणेल तो भाव कबूल करून मोकळा होतो, म्हणून बेबीताईनंच त्याला शेतात पाठवलं असं लोक सांगतात. ती हसते आणि नाकारत नाही.

तिची एक गोष्ट जठारपेठेत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी लग्नसराईत तिनं एका घरी लग्नाचा सगळा मोगरा द्यायचं कबूल केलं होतं. लग्नाच्या सकाळी जुन्या शहरातून एक मंडपवाला आला. त्याचा माल कुठंतरी अडकला होता. तो दुप्पट द्यायला तयार होता आणि टोपल्या समोर भरलेल्या दिसत होत्या. बेबीताई म्हणाली, "हे फुलं इथं दिसून राहिले, पण माह्याजवळ नाईत. मी हाव म्हणून बसली." मंडपवाला चिडला, पण नंतर तोच तिच्याकडं कायमचा माल घेऊ लागला. हाव म्हणजे हो, आणि एकदा हाव म्हटलं की हाव, एवढी तिची साधी रीत होती. आणि याच रीतीनं यंदाच्या मे महिन्यात तिची झोप उडवली.

तिची मुलगी करिश्मा यंदा बारावी झाली. ही पोरगी लहानपणापासून मोजणारी. आठवीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं शेतातल्या मोगऱ्याची दहा झाडं धरली आणि रोज किती कळ्या उमलल्या, त्या दिवशी ऊन किती होतं, पाणी कधी दिलं, हे वर्षभर वहीत लिहिलं. वर्ष संपल्यावर तिनं बापाला सांगितलं की, पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी तोडणी जास्त येते. शेषरावनं मान हलवली आणि पुढच्या उन्हाळ्यात तसं करून पाहिलं. तोडणी खरंच वाढली. ती वही त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवली.

अकरावी-बारावीला करिश्मा अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात राहिली. तिथं गणित शिकवणाऱ्या नीलम मॅडमनी त्या वहीबद्दल ऐकलं आणि म्हणाल्या, "तुला संख्याशास्त्र शिकायला हवं." त्यांनीच दोन ठिकाणी अर्ज करायला लावले. एक पुण्याजवळचं खासगी विद्यापीठ, दुसरं बंगळूरचं, एका ट्रस्टनं चालवलेलं. दोन्हीकडं परीक्षा झाली, फोनवरून मुलाखत झाली. दोन्हीकडं गरजेप्रमाणे स्कॉलरशिप मिळते असं लिहिलेलं होतं. मिळेलच असं मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

वीस मेला, मंगळवारी दुपारी, पुण्याचं पत्र मोबाईलवर आलं. अकोल्यात तेव्हा चव्वेचाळीसच्या वर पारा होता. बेबीताई दुकान आवरून घरी येऊन कूलरसमोर बसली होती. करिश्मानं पत्र दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. प्रवेश मिळाला होता. शिकवणीची सगळी फी माफ, वसतिगृहाची अर्धी.

"देवा माह्या," बेबीताई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, ते तिलाही कळलं नाही.

"पण आई, तीस तारखेच्या आत हो म्हणा लागते," करिश्मा म्हणाली. "नाई तर स्कॉलरशिप दुसऱ्याले जाते."

"मंग म्हण ना हाव!"

"बंगळूरचा निकाल तं चौदा जूनले लागते."

बंगळूरला करिश्माचं मन होतं, हे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. तिथला अभ्यास तिनं नीलम मॅडमच्या घरी संगणकावर पाहिला होता आणि घरी येऊन आईला अर्धा तास सांगितला होता. बेबीताईला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. पोरीचा चेहरा मात्र कळला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुशालराव आले. हे शेषरावचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, जुन्या शहरात राहतात. त्यांच्याकडं प्रत्येक अडचणीवर उपाय असतो आणि तो सहसा एसटीतून आलेला असतो.

"याच्यात विचार काय करून राहिली?" ते चहा बशीत ओतत म्हणाले. "खिडकीतून रुमाल टाकून ठेवायचा. पुण्याले हाव म्हणून टाक. बंगळूरची गाडी आली, का रुमाल उचलायचा न तिकडं बसायचं. कोण विचारते?"

"मोठे बाबा, सगळे असंच करतेत," करिश्मा हळूच म्हणाली. वर्गातल्या दोन-तीन मुलींनी तसं केलंही होतं.

बेबीताई चहाची कपबशी घेऊन उभी होती. "भाऊजी," ती म्हणाली, "रुमाल टाकेल सीटपाशी जे बाई उभी राहते, लेकरू कडेवर घेऊन, तिचं काय?"

खुशालरावांनी बशी खाली ठेवली. तीस वर्षं त्यांनी गाडीत हेच भांडण सोडवलं होतं. "थे बी खरं हाय," ते म्हणाले. "पण आपल्या पोरीचं तं पाहा लागते ना, बेबी."

"पाहाच लागते," ती म्हणाली.

तिला दोन्ही बाजूंनी टोचत होतं. लबाडीनं हो म्हणणं तिच्या अंगात नव्हतं. पण थांबून राहण्याची भीती तिला त्याहून मोठी होती, आणि त्या भीतीला कारण होतं. बेबीताईचं माहेर अंजनगावकडचं. बाप दुसऱ्याच्या पानमळ्यात कामाला. सातवीत असताना बेबीनं एका निवासी शाळेची परीक्षा दिली आणि तालुक्यातून निवडल्या गेलेल्या मोजक्या पोरांत तिचं नाव आलं. पंधरा दिवसांत सही करून कागद पाठवायचा होता. पण तिचा मामा अमरावतीला होता आणि तिथल्या एका वसतिगृहात पोरीची सोय होते का, ते बघून कळवतो म्हणाला होता. अमरावती जवळ, मामा डोळ्यांसमोर, म्हणून बापाला तेच बरं वाटत होतं. त्यानं कागद कपाटावर ठेवला आणि मामाच्या निरोपाची वाट पाहिली. निरोप अठराव्या दिवशी आला, जागा नाही म्हणून. तोवर शाळेची तारीख गेलेली. नववीनंतर बेबी पानमळ्यात पानं खुडायला जाऊ लागली. बापाला तिनं कधी बोल लावला नाही. त्यानं कोणाचं वाईट केलं नव्हतं, नुसती वाट पाहिली होती. आणि दोन्हीपैकी एकाही ठिकाणी कोणी जाऊन विचारलं नव्हतं की, थोडं थांबता का.

हे सगळं तिनं करिश्माला कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी खुशालराव गेल्यावर, भाकरी थापता थापता, तिनं ते पहिल्यांदा सांगितलं, अगदी कोरडेपणानं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. करिश्मा चुलीपाशी बसून ऐकत होती.

"मंग आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"विचारायचं," बेबीताई म्हणाली. "पुण्याले विचारायचं, का मुदत देता काय म्हणून."

"आई, येवढं मोठं विद्यापीठ हाय थे. आपल्यासाठी काहून थांबन?"

"नाई म्हणतीन. मंग? विचारलं म्हणून आपली जागा तं नाई ना काढून घेणार?"

करिश्माला खात्री नव्हती. नाराज होऊन त्यांनी दिलेलं परत घेतलं तर, ही शंका तिला होती. फोन करायचं तिला धाडस होईना. आपलं बोलणं ऐकून पुण्याची माणसं हसतील असंही तिला वाटत होतं. शेवटी गुरुवारी सकाळी अकराला, दुकानावरची गर्दी ओसरल्यावर, बेबीताईनंच चौकीवर बसून पत्रातला नंबर लावला.

"नमस्कार, प्रवेश विभाग. मी शुभम बोलतोय."

"हां, शुभमभाऊ, मी बेबीताई बोलून राहिली, अकोल्याहून. माही पोरगी करिश्मा. तिले तुमी स्कॉलरशिप देली. लय उपकार झाले बाप्पा. पण मले मुदत पाह्यजे."

"ताई, मुदत म्हणजे... फी भरायला का?"

"नाई नाई. हाव म्हणाले मुदत. दुसऱ्या एका जागचा निकाल चौदा जूनले हाय. तुमी तीस मे म्हणता. पोरीले दोनी पत्रं समोर ठेवून ठरवू द्या, येवढंच म्हणणं हाय."

शुभम हसला नाही. त्याचा आवाज तरुण होता आणि दमलेला. त्यानं करिश्माचा अर्ज क्रमांक विचारला, बेबीताईनं हातावर पेनानं लिहून आणलेला तो वाचून दाखवला. "ताई, हे फोनवर ठरवता येत नाही. मुलीला ई-मेल करायला सांगा. कारण लिहा, कोणत्या तारखेपर्यंत हवंय ते लिहा. मी समितीपुढं ठेवतो. पण चौदापर्यंत मिळेल असं सांगू शकत नाही हं."

"तुमी ठेवा तं खरं. बाकी आमी पाहू. आन् भाऊ, विचारल्यानं पोरीची जागा तं नाई ना जात?"

"नाही हो ताई," तो म्हणाला, आणि आता मात्र त्याच्या आवाजात हसू होतं. "विचारल्यानं काही जात नाही."

ई-मेल करिश्मानं लिहिली. बेबीताईनं ती तिच्याकडून मराठीत वाचून घेतली आणि एक वाक्य वाढवायला लावलं: तुमचं पत्र आलं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. करिश्मा म्हणाली, कार्यालयाला असं लिहीत नाहीत. बेबीताई म्हणाली, "खरं हाय ना? मंग लेय." ते वाक्य तसंच ई-मेलमध्ये गेलं.

उत्तर सोमवारी आलं. दहा जूनपर्यंत मुदत दिली होती. त्यापुढं देता येणार नाही, कारण यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्यांना कळवायचं असतं.

दहा तारीख आणि चौदा तारीख. मध्ये चार दिवस राहिलेच. करिश्मानं बंगळूरलाही लिहिलं, निकाल आधी कळेल का म्हणून. त्यांनी दोन ओळींचं नम्र उत्तर पाठवलं की, सगळ्यांना एकाच दिवशी कळवतो, कोणाला आधी नाही. बेबीताईला ते पटलं. "बरोबर हाय त्याईचं," ती म्हणाली, आणि पुढचं नीलम मॅडमना विचारायचं ठरवलं.

एक जूनला रविवार होता. मायलेकी सकाळची एसटी धरून अमरावतीला गेल्या. मूर्तिजापूरच्या पुढं गाडीत जागा मिळाली. बेबीताईनं मांडीवरची पिशवी सांभाळली होती, तिच्यात नीलम मॅडमसाठी निशिगंधाच्या दोन पेंढ्या होत्या, ओल्या फडक्यात. नीलम मॅडम रुक्मिणीनगरात एकट्या राहतात, वय पन्नासच्या पुढं, चष्मा डोक्यावर आणि तो घरभर शोधण्याची सवय. त्यांनी फुलं तांब्यात ठेवली, पोहे केले आणि मग पुण्याचं पत्र छापून काढलं. सहा पानं निघाली. करिश्मानं मोबाईलवर त्यातली पहिली दोनच नीट वाचली होती.

"आता ही बारीक अक्षरं बघू," मॅडम म्हणाल्या. "खरं सगळं इथंच असतं."

चौथ्या पानावर लिहिलं होतं की, स्वीकृती कळवताना जागा राखण्यासाठी दहा हजार रुपये भरायचे. तीस जूनपर्यंत विद्यार्थ्यानं लेखी कळवून जागा सोडली तर ती पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यानंतर सोडली तर नाही.

बेबीताईनं ते वाक्य मॅडमना दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे त्याईनंच लेयलं, का सोडता येते म्हणून?"

"हो. त्यांना माहीत असतं, मुलं दुसरीकडच्या निकालाची वाट बघतात. म्हणून तर ही तारीख ठेवलीय."

"मंग हाव म्हटल्यानं मी खोटी नाई पडत?"

नीलम मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणत्याच पालकानं विचारला नव्हता. "बेबीताई, खोटं तेव्हा, जेव्हा तीस जून उलटून गेल्यावरही तुम्ही दोन्हीकडं जागा अडवून बसाल. ठरल्याबरोबर कळवलं की झालं."

"आन् पुण्याच्या त्या भाऊले मी पहिलेच सांगतलं, का आमी दुसऱ्याची वाट पाहून राहिलो."

"मग तर प्रश्नच मिटला."

पाचव्या पानावर अजून एक अट सापडली. पुण्याची फीमाफी दरवर्षी ठरावीक गुण राखले तरच पुढं चालू राहणार होती. एखादं वर्ष गुण घसरले की त्या वर्षाची फी भरायची. करिश्मानं ती ओळ पुन्हा वाचली. मॅडम म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही, तू राखशील. पण बंगळूरचं पत्र आलं तर हीच ओळ तिथं कशी आहे, ते आधी बघायचं."

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून करिश्मा खिडकीला डोकं लावून झोपली. बेबीताई जागी होती. तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. पत्राला तारीख असते, तारखेच्या पोटात दुसरी तारीख असते आणि ती वाचली तर माणूस अडकून पडत नाही, हे तिला नवं होतं. अंजनगावच्या त्या कागदावरही मागं काही लिहिलेलं होतं का, असं तिच्या मनात आलं. मग मूर्तिजापूर आलं, भज्याचा वास आला, आणि तिनं खाली उतरून पोरीसाठी भजी आणली.

नऊ जूनला करिश्मानं पुण्याला हो कळवलं आणि पैसे भरले. ते शेषरावनं काढून दिले, बायकोला एवढंच म्हणाला, "तू विचारून पाह्यलं, थे बेस केलं." एवढं बोलणं म्हणजे त्याच्या मानानं भाषणच होतं. घरात पेढे आणले. बंगळूरचं काही झालं तरी आता पोरीला शिकायला जागा होती. ही निश्चिंती मोठी होती. करिश्मा स्वतःच म्हणाली, "आई, बंगळूर नाई आलं तरी मी खूश हाय," आणि बेबीताईनं तिच्या चेहऱ्याकडं पाहून मनाशी ठरवलं की, हे ती मनापासून म्हणते आहे.

चौदा तारखेला शनिवार होता. निकाल दुपारी बाराला होता. करिश्मा दुकानावरच येऊन बसली, घरी एकटीला बसवेना म्हणून. एका बाईला वेणी हवी होती, बेबीताई ती गुंफत होती. बारा वाजून पाच मिनिटांनी करिश्मानं मोबाईल पाहिला आणि ती उठून उभी राहिली.

"काय झालं व?" वेणीवाल्या बाईनंच विचारलं.

"झालं," करिश्मा म्हणाली. "झालं आई! शिकायचं, राहायचं, खायचं, सगळं थेच देतेत."

बेबीताईच्या हातातली वेणी अर्धीच होती. तिनं ती पूर्ण केली, गाठ मारली, बाईच्या हातात दिली आणि पैसे घ्यायचे विसरली. बाईनं ते चौकीवर ठेवले आणि जाता जाता करिश्माच्या गालाला हात लावून गेली.

मग बेबीताई म्हणाली, "थे बारीक अक्षरं काढ."

दोघींनी तिथंच, जाळीच्या सावलीत, पत्र शेवटपर्यंत वाचलं. तिथली मदत घरच्या उत्पन्नावर ठरत होती. पास होत राहिलं की चारही वर्षं ती तशीच राहणार होती. कमी गुण पडले म्हणून काढून घेणार नव्हते. करिश्मानं नीलम मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "आता मी काही सांगत नाही. तू ठरव."

करिश्माला एक दिवस लागला. पुणं जवळ होतं, रातभराच्या गाडीचं. बंगळूरची भाषा वेगळी, जेवण वेगळं. रविवारी ती बापाबरोबर शेतात गेली, मोगऱ्याच्या तोडणीला लागली, आणि दुपारी परत येऊन म्हणाली, "बंगळूर." शेषराव तिच्या मागून पायरीवर बसून चपलेची माती झाडत होता. त्यानं मान डोलवली.

"मंग उद्या सकाळी पहिले पुण्याले सांगायचं," बेबीताई म्हणाली.

खुशालराव आलेलेच होते. "येवढी घाई काहून? तीस तारखेलोक वेळ हाय ना. बंगळूरचं सगळं पक्कं होऊ दे."

"बंगळूरले आज हाव म्हणून टाकते करिश्मा. पक्कं झालं का मंग पुण्याची जागा आपल्या कोणत्या कामाची, भाऊजी? कोणाचं तरी लेकरू थांबलं असन ना तिकडं."

खुशालराव म्हणाले, "पत्र लेयजो मातर. तोंडी सांगतल्याचा पुरावा नसते." ही सूचना चांगली होती आणि ती मानली गेली.

सोमवारी करिश्मानं जागा सोडल्याचं लिहून पाठवलं. बेबीताईला तेवढ्यानं बरं वाटेना. तिनं दुकानावरून फोन लावला. शुभमनं आवाज ओळखला.

"ताई, अकोला ना?"

"हाव. भाऊ, पोरीले बंगळूरचं झालं. आमी तुमची जागा सोडून राहिलो. ई-मेल केला, पण मले वाटलं तोंडानं बी सांगा. तुमी मुदत देली, त्याची जाण हाय आमाले."

शुभम म्हणाला, "ताई, इथं जागा सोडणारी मुलं फोन करत नाहीत. कितीदा तर आम्हाला जुलैत कळतं. तोपर्यंत यादीतली मुलं दुसरीकडं कुठंतरी जाऊन बसलेली असतात."

"मंग आता कोणाले देता?"

"नाव सांगता येत नाही. पण आजच पत्र जाईल पुढच्या मुलीला."

"मुलगी हाय काय?"

"हो," तो म्हणाला, "एवढं सांगितलं तर चालेल."

फोन ठेवून बेबीताई पुन्हा हार बांधायला लागली. त्या दुपारी कुठल्यातरी घरात एक मोबाईल वाजला असेल, कोणीतरी तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं असेल. ते घर कोणत्या गावात असेल याचा तिनं अंदाज करून पाहिला. सांगली, लातूर, की इथंच कुठं धारणीकडं? तिला काही ठरवता आलं नाही, पण दिवसभर ती खुशीत होती. संध्याकाळी उरलेला मोगरा तिनं औषधाच्या दुकानातल्या पोरींना फुकट वाटला. पुण्याचे दहा हजार तीन आठवड्यांत परत आले. ते करिश्माच्या प्रवासाला लागले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मायलेकी बंगळूरला गेल्या. बेबीताई पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर पडली. वसतिगृहाच्या खोलीत तिनं पोरीची गादी घातली, खिडकी उघडून पाहिली, आणि तिथल्या मावशीशी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या वऱ्हाडीत बोलून गरम पाणी कधी येतं ते विचारून घेतलं. दोन दिवस राहिली. निघताना रडायची नाही असं ठरवून गेली होती आणि रडली नाही. रडली ती अकोल्याच्या स्टेशनावर शेषराव तिला घ्यायला आला तेव्हा, त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून, त्याला दिसणार नाही अशी.

आता ती पुन्हा सकाळी सहाला चौकीवर असते. एक फरक मात्र झाला आहे: लोक आता प्रवेशाची पत्रंही तिच्याकडं घेऊन येतात. भाजी विकणारी गोदाबाई आपल्या नातीला, आचलला, घेऊन आली होती. आचलला अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजचं पत्र आलं होतं आणि दुसऱ्या एका ठिकाणची यादी लागायची होती. बेबीताईनं फुलांवर पाणी मारून हात पुसले आणि पत्र घेतलं. तिला इंग्रजी नीट येत नाही, पण आकडे आणि तारखा कुठं असतात ते आता तिला कळतं. तिनं आचलला एक एक ओळ वाचायला लावली आणि कुठं थांबायचं ते सांगितलं. अशा आणखी दोघी-तिघी येऊन गेल्या. एकीच्या बापाला ती म्हणाली, "दादा, वाट पाहाले माहा इरोध नाई. पण नुसती नोका पाहू, विचारून पाहा." त्यानं विचारलं. त्याला मुदत मिळाली नाही, पण काय करायचं ते त्याच दिवशी ठरवता आलं.

दिवाळीला करिश्मा आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जठारपेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूचे ढीग लागले होते. करिश्मा आईशेजारी चौकीवर बसून हार बांधत होती आणि मधूनमधून कॉलेजचं सांगत होती. सरांनी पहिल्याच महिन्यात कोणता प्रश्न दिला, तिनं तो मोगऱ्याच्या वहीवर कसा सोडवला, वर्गातल्या केरळच्या मुलीला अकोल्याच्या उन्हाचे आकडे कसे खोटे वाटले. बेबीताईला यातलं अर्धं कळत होतं. ती गिऱ्हाइकांना भाव सांगत होती, सुटे पैसे देत होती आणि पोरीला म्हणत होती, "हां, मंग? पुढं काय झालं?"